एक जोडी, चार तऱ्हेचा बर्फ

स्की? आणि तीसुद्धा मराठी विभागात? घाबरू नका, पान चुकलेलं नाही. आपल्याकडे बर्फ दिसतो तो फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर, हे मलाही ठाऊक आहे. पण काश्मीरमध्ये गुलमर्ग आहे, तिथे १९९८ पासून गोंडोला आहे, आणि २००५ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाल्यापासून अफरवतच्या खांद्यावर, जवळजवळ ३९५० मीटरपर्यंत, पायपीट न करता पोचता येतं. गेल्या हिवाळ्यात मी तिथे बेसिक कोर्स करून आले आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. (सबमिशन्सही नाहीत, पण ते सर वाचतील म्हणून कंसात.)

आता मुद्दा असा, की माझ्या खिशाला एकच जोडी परवडते. डेनव्हरला असलेला माझा मामेदादा दिवाळीत येणार होता. त्याला म्हटलं, येताना जुन्या बाजारातून एक जोडी बघ, पैसे इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून देईन. त्याने विचारलं, "कंबर किती हवी?" मला वाटलं माझी विचारतोय!

कंबर म्हणजे स्कीचा मधला, सगळ्यात अरुंद भाग. स्कीवर तीन आकडे छापलेले असतात, समजा १३२-१००-१२२. पुढची रुंदी, कंबर आणि शेपटी, सगळं मिलिमीटरमध्ये. साधारण ७० ते ८० ची कंबर घट्ट दाबलेल्या उतारांसाठी, ११० च्या वरची खोल ताज्या बर्फासाठी. मधली ९५ ते १०५ ची जी जात आहे तिला म्हणतात वाइड ऑल-माउंटन. म्हणजे सगळं थोडं थोडं जमणारी, आपल्या मेकॅनिकलच्या पोरांसारखी.

गुलमर्गला हीच जात का? कारण तिथे एका दिवसात चार ऋतू भेटतात. पश्चिमी विक्षोभ आला की रात्रीत गुडघाभर पिठासारखा बर्फ पडतो. दोन दिवस वारा लागला की त्याच पिठावर पापुद्रा बसतो, पापडासारखा. पाय ठेवला की मोडतो आणि स्की आत अडकते. खाली कोंगडोरीपासून गुलमर्गकडे येणारा उतार सकाळी दगडासारखा कडक आणि दुपारी उन्हाने चिखलासारखा. वरचा वाडगा तर मशीनने दाबलेलाच नसतो. या सगळ्यातून एकाच जोडीवर खाली यायचं.

थोडं गणित करू या. बुटांसकट माझं वजन ६५ किलो धरा, म्हणजे ६३८ न्यूटन. नुसत्या बुटांवर उभं राहिलं तर दोन तळव्यांचं क्षेत्रफळ जेमतेम ०.०६ चौरस मीटर, दाब सुमारे १०.६ किलोपास्कल. म्हणूनच मांडीपर्यंत आत जातो. १६५ सेंमी लांब, ८० कंबरेच्या जोडीवर तोच दाब साधारण २.१ होतो आणि १७२ सेंमी, १०० कंबरेच्या जोडीवर १.७. म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा कमी. आकडा छोटा वाटतो, पण पापुद्रा मोडणार की तोलून धरणार, हे तेवढ्यावरही ठरू शकतं.

मग ११५ च का नको? कारण कडक बर्फ. तिथे तुम्ही स्कीच्या तळावर नाही, लोखंडी कडेवर उभे असता. कंबर ८० असेल तर ती कड पायाच्या मध्यरेषेपासून ४० मिमी दूर, १०० असेल तर ५०. लिव्हर आर्म पंचवीस टक्क्यांनी वाढला, आणि तो वाढीव मोमेंट घेणार कोण? तुमचा घोटा आणि गुडघा. शिवाय एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळही जास्त. म्हणून १०० ला थांबले.

वळणाचंही सूत्र सोपं आहे. स्कीची बाजू म्हणजे मोठ्या वर्तुळाचा तुकडा, त्यामुळे आपलं शाळेतलं जीवा आणि शर यांचं नातं लागू पडतं: त्रिज्या म्हणजे लांबीचा वर्ग भागिले आठ पट खोली. १३२-१००-१२२ मध्ये खोली येते १३.५ मिमी, बर्फाला टेकणारी कड १.४ मीटर धरली तर त्रिज्या सुमारे १८ मीटर. स्की ६० अंश कलती केली तर कोसाइन साठ, म्हणजे निम्मी, ९ मीटर. (इंजिनीअरिंग मेकॅनिक्स पहिल्यांदाच कामाला आलं!)

एक गोष्ट मात्र आकड्यांत दिसत नाही: स्कीचा बाक. जुन्या स्कीज मध्यभागी कमानीसारख्या उचललेल्या असत. वजन टाकलं की सपाट होतात आणि पूर्ण कड बर्फाला चावते, कडक उताराला हे उत्तम. उलट बाक, म्हणजे टोकं होडीसारखी वर, त्याला रॉकर म्हणतात. शेन मॅककाँकी नावाच्या अवलियाने पाण्यावरच्या स्कीज बघून ही कल्पना उचलली आणि २००२ मध्ये व्होलांट कंपनीने त्याची 'स्पॅच्युला' काढली, अख्खीच उलटी वाकलेली. ताज्या बर्फात जादू, कडक बर्फात हाल. आजच्या बहुतेक ऑल-माउंटन स्कीजमध्ये तडजोड असते: पायाखाली कमान, पुढे रॉकर, मागे किंचित. मी दादाला हेच सांगितलं. आणि आत टायटॅनलचा पत्रा नसलेली बघ, असंही. टायटॅनल म्हणजे नाव टायटॅनियमचं आणि माल ॲल्युमिनियमचा. पत्र्यामुळे स्की थरथरत नाही, पण जड आणि ताठ होते. ६५ किलोच्या माणसाला ती वाकवताना घाम फुटेल.

आता बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी यंत्रणा. इथे मी थोडी गंभीर होणार आहे. आमच्या बॅचमधल्या एका मुलीची भाड्याची स्की पापुद्र्यात अडकली, ती पडली, बाइंडिंग सुटलं नाही आणि नडगीचं हाड पिळून मोडलं. नंतर बघितलं तर स्प्रिंग कोणा धिप्पाड माणसासाठी आवळलेली होती, तशीच. बाइंडिंगचं खरं काम धरून ठेवणं नाही, योग्य वेळी सोडणं हे आहे.

त्यावर जो आकडा असतो त्याला डिन म्हणतात. ढोबळमानाने एक आकडा म्हणजे पुढच्या बाजूला दहा न्यूटन-मीटर पीळ. टाच वर उचलून सुटायला साधारण त्याच्या चौपट मोमेंट लागतो. आकडा ठरतो तो आयएसओ ११०८८ च्या तक्त्यावरून: वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही किती जोरात जाता ते. वजनाची आणि उंचीची ओळ वेगळी आली तर कमी आकड्याची घ्यायची. पन्नाशीच्या पुढे कमी आकड्याच्या दिशेने आणखी एक ओळ. तळव्याची लांबी का? कारण बूट लांब असेल तर तोच पीळ देताना पुढच्या टोकावर बल कमी पडतं, म्हणून स्प्रिंग सैल हवी. 'मी भारी स्कीअर' म्हणून आकडा वाढवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की तक्ता नडगीचं हाड वाचवायला बनवलेला आहे. गुडघ्यातल्या लिगामेंटची हमी तोही देत नाही.

दादाने स्कीज आणल्या कोऱ्या, बाइंडिंग वेगळं. बूट माझ्याकडे पुण्यात, त्यामुळे बसवणं इथेच. बुटाचा तळवा आणि बाइंडिंग एकाच मानकाचे आहेत ना, ते आधी बघायचं. साधा अल्पाइन तळवा, ग्रिपवॉक आणि टूरिंगचा तळवा ही तीन वेगळी प्रकरणं आहेत. ब्रेकची रुंदी कंबरेपेक्षा जास्त, पण पंधरा मिमीच्या आत. १०० ला ११० चा ब्रेक.

बूट पुढे की मागे, यावर लोक तासन् तास भांडतात. स्कीवर कंपनीची रेघ असते, बुटावर मध्यखूण, दोन्ही जुळवायच्या. बूट एक-दोन सेंमी मागे नेला तर पुढचं टोक ताज्या बर्फात सहज वर राहतं, पण कडक उतारावर वळण सुरू व्हायला आळस येतो. पुढे नेला तर उलट, वळते झटकन आणि पिठात नाक खुपसते. माझा बर्फ मिसळीचा, म्हणून बरोब्बर रेघेवर. नंतर मन बदललं तर पाच मिलिमीटर सरकवता येत नाही, जुन्या भोकाला खेटून नवं भोक टिकत नाही.

वर्कशॉपमधल्या काकांनी दुपार दिली. आधी सागाच्या फळीवर सराव केला. स्कीवर मास्किंग टेप लावून व्हर्नियरने पाच ठिकाणी रुंदी मोजून मध्यरेषा काढली. डोळ्याने काढलेली मध्यरेषा हमखास वाकडी. कागदी टेम्प्लेट मूळ मापातच छापलंय ना, ते पट्टी लावून बघितलं. मग पंच, मग ड्रिल. माझ्या स्कीवर ३.५ मिमी व्यास आणि ९ मिमी खोली असं छापलेलंच होतं (पत्रा असलेल्यांना सहसा ४.१, आणि आटेही पाडावे लागतात). ड्रिलला कॉलर लावल्याशिवाय हात लावू नका, तळातून बाहेर आलात तर संपलं! भोकात वॉटरप्रूफ फेव्हिकॉलचा थेंब, म्हणजे पाणी आतल्या लाकडात जात नाही. स्क्रू आपल्या नेहमीच्या प्लस पेचकसाचे नसतात, पोझिड्राइव्ह तीन नंबर लागतो, नाहीतर डोकं झिजतं. आवळायचे आळीपाळीने समोरासमोरचे, सिलिंडर हेडसारखे, आणि हातानेच.

शेवटी टाचेचा तुकडा बुटाच्या लांबीनुसार सरकवून पुढचा दाब दाखवणारी खूण तिच्या जागी आणली. तक्त्याप्रमाणे डिन लावलं आणि फरशीवर बूट अडकवून पाय पिळून बघितला, पुढे झुकून टाच उचलली. दोन्ही पाय सुटले. ही अर्थात ढोबळ चाचणी, खरी मशीनवर होते. मशीन असलेला टेक्निशियन भेटला की पहिलं काम ते. जानेवारीत पहिल्या दिवशी संध्याकाळी सगळे स्क्रू पुन्हा तपासायचे आहेत, म्हणून तीन नंबरचा पेचकस आत्ताच सॅकमध्ये टाकून ठेवलाय.