पालीची शेपटी आणि मुलांचे मराठी वाचन

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदत असलेल्या आपल्या घरांतून मराठी बोलली जाते, पण मुले ती वाचत नाहीत, ही तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. हिंदी शाळेत जाणाऱ्या इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलाला अक्षरे येतातच. तो अडखळतो ‘ळ’पाशी. गुजराती शाळेतल्या बडोद्याच्या मुलाला ‘ळ’चा उच्चार परिचयाचा, पण शिरोरेखा नवी. कन्नड शाळेतल्या बेळगावच्या मुलाला तर लिपीच निराळी. अडचणी वेगवेगळ्या असल्या तरी उपाय एकच आहे. पुढच्या ओळीत काय आहे हे कळल्यावाचून मुलाला राहवणार नाही, असे काही त्याच्या हाती द्यावे. पशुपक्षी आपला जीव कसा राखतात, हा विषय नेमका असा आहे.

त्यासाठी दूरच्या अरण्यातील सिंह कशाला हवा? भिंतीवरची पाल पुरे. आधी ती मुलाला दाखवावी. मग मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहून द्याव्यात : ‘मांजराने पालीची शेपटी धरली. शेपटी तुटली. पाल पळाली. शेपटी मात्र वळवळत राहिली.’ येथे थांबून विचारावे, ‘का बरे?’ मूल तर्क लढवील. मग पाचवी ओळ द्यावी : ‘मांजर शेपटीकडे पाहत बसले.’ उत्तर आपणच वाचून काढल्याचा आनंद काही वेगळाच! पुढे सांगावे की, पालीला नवी शेपटी फुटते. पण त्यासाठी वेळ लागतो आणि अंगातली शक्तीही खर्च होते.

टिटवीचेही तसेच. ती घरटे विणत नाही. उघड्या माळावर, खड्यांमध्ये बहुधा चार अंडी घालते. त्यांचा रंग मातीसारखा ठिपकेदार असल्यामुळे ती जवळून जाणाऱ्यालाही दिसत नाहीत. आईने धोक्याची हाक देताच पिले जमिनीला चिकटून निश्चल होतात. ‘हलला तो दिसला’ हा नियम मुलांना लपंडावामुळे ठाऊक असतोच.

सुगरणीचा खोपा काटेरी बाभळीवर किंवा विहिरीवर लोंबतो, त्याला खालून लांब नळीसारखी वाट असते. साप-कावळ्यांना तेथे पोचणे अवघड व्हावे, म्हणून ही योजना. आपण नाव स्त्रीचे दिले असले तरी विणकर असतो नर. मादी अर्धवट खोपा पारखते आणि पसंत पडला तरच तेथे राहते. डॉ. सालिम अली यांनी 1930 च्या सुमारास कोकणात किहीम येथे या पक्ष्यांचे बारकाईने निरीक्षण केले होते. नावाची ही गंमत मुलांना फार आवडते.

एक प्रश्न मात्र येणारच : ‘सापाने बेडूक खाल्ला, साप वाईट ना?’ पंचतंत्रातले प्राणी नीती शिकवतात. त्या गोष्टी जरूर वाचाव्यात. पण खरा साप दुष्ट नसतो, भुकेला असतो; आणि बेडूकही किडे खाऊनच जगतो. हे सौम्य शब्दांत, पण खरे सांगावे. गोड खोटे सांगितले, तर मुलाचा छापील शब्दावरचा विश्वास उडतो.

आठवड्याला एकच प्राणी घ्यावा. आधी पाहणे, मग वाचणे, शेवटी मुलाने स्वतः एक ओळ लिहिणे, हा क्रम मोडू नये. चुका तांबड्या शाईने खोडू नयेत. पाल, कोळी, मुंगळा, सरडा ही नावे शाळेच्या भाषेत निराळी असतात. घरात ती कोणी वाचली-लिहिली नाहीत, तर पुढच्या पिढीत ती राहणार नाहीत. प्राण्यांप्रमाणे शब्दांनाही जगण्यासाठी आसरा लागतो. आपल्या घरांनी तो द्यावा, अशी वाचकांस आमची आग्रहाची विनंती आहे.