रतामाच्या झुडपाखाली झोपलेला संदेष्टा

मे महिन्यातली दुपार अमरावतीच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. पारा ४५ अंशांकडे सरकतो, रस्ते ओस पडतात. इजिप्तच्या वाळवंटातली अशीच दुपार इव्हाग्रियस नावाच्या ख्रिस्ती साधूनं सोळाशे वर्षांपूर्वी टिपून ठेवली. एकांतात राहणारा साधू भर दुपारी कसा ढेपाळतो हे त्यानं बारकाईनं लिहिलं. सूर्य जागचा हलेनासा होतो, दिवस ५० तासांचा भासतो. हातातल्या कामाचा वीट येतो. सोबत्यांमधलं प्रेम आटलंय असं वाटू लागतं आणि दुसरीकडे कुठं गेलो तर सगळं सोपं होईल अशी खात्रीच पटते. इव्हाग्रियस याला मध्यान्हीचा सैतान म्हणायचा. आजच्या बर्नआउटशी हे तंतोतंत जुळत नाही. तरी थकलेल्या एखाद्या पाळकाला हे वाचून दाखवलं तर तो दचकेल.

बर्नआउटवर पहिला गाजलेला लेख लिहिला तो न्यूयॉर्कचे मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी, १९७४ साली. त्यांना हा थकवा दिसला तो मोफत दवाखान्यांत सेवा करणाऱ्यांमध्ये, म्हणजे ज्यांनी कामात जीव ओतला होता त्यांच्यातच. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच्या तीन खुणा नोंदवल्या: अंगातली शक्ती आटणं, कामापासून मन तुटणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. संघटना याला रोग म्हणत नाही. कामाचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्याचा हा परिणाम, असं ती सांगते.

असा ताण समजायला लांब जायला नको. अचलपूरजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचं हॉस्पिटल आहे. कुष्ठरोगात नस बधिर झाली की तळपायाची जखम दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस तिच्यावर चालत राहतो आणि भरलेली जखम पुन्हा उघडते. अशा जखमा धुण्याच्या सेवेत ‘आज काम संपलं’ असं म्हणण्याचा दिवस उगवतच नाही. मंडळीच्या पाळकाचंही तेच. आजारी माणसाची भेट, मयत, लग्न, भांडण, रात्री वाजणारा फोन. त्यातून आपण दमलो असं कबूल केलं तर विश्वास कमी पडला असं लोक म्हणतील, ही धास्ती.

म्हणूनच पवित्र शास्त्रातल्या पहिल्या राजे या पुस्तकाचा १९ वा अध्याय मला विलक्षण वाटतो. एलीया हा संदेष्टा कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या ४५० संदेष्ट्यांना पुरून उरला. लगेच ईजबेल राणीची धमकी आली आणि हाच माणूस जीव घेऊन पळाला. बैर-शेबा इथं त्यानं सोबतच्या सेवकालाही मागं ठेवलं. एकटाच रानात जाऊन रतामाच्या झुडपाखाली बसला आणि देवाकडे मरण मागू लागला. आपण पूर्वजांपेक्षा काही बरे नाही, हे त्याचं कारण. जागतिक आरोग्य संघटनेच्या तिन्ही खुणा इथं हजर आहेत!

आता देवाचा दूत काय करतो पाहा. तो उपदेश करत नाही, रागावत नाही. झोपलेल्या एलीयाला स्पर्श करून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पितो, पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा जेवायला लावतो आणि पुढची वाट तुला झेपणार नाही, हे मान्य करतो. एवढं झाल्यावरच होरेब या देवाच्या डोंगराकडची ४० दिवसांची चाल सुरू होते.

आजचं मेंदूविज्ञान वाचताना हा क्रम आठवतो आणि अंगावर काटा येतो. झोप तुटली की भीती आणि रागाशी जोडलेला मेंदूचा भाग जास्त भडकतो, त्याला आवरणारा पुढचा भाग सैल पडतो. ताणामुळे झोप जाते, झोप गेल्यानं ताण वाढतो. अशा डोक्याला बोध ऐकवून काय उपयोग? होरेबावर देव एलीयाला एकच प्रश्न दोनदा विचारतो आणि एलीया दोन्ही वेळा शब्दन्‌शब्द तेच उत्तर देतो: मी एकटाच उरलो. थकलेलं मन असं एकाच वाक्यात अडकतं. त्यावर देव त्याला नवं काम देतो, अलीशा हा सोबती देतो आणि आणखी ७,००० जण उरले आहेत हे सांगतो.

हे दुखणं टाळण्याची वाटही शास्त्रात त्याआधीच येते. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करतो तेव्हा सासरा इथ्रो त्याला बजावतो, तू झिजून जाशील, कामं वाटून दे. याचं मोठं मराठी उदाहरण जामखेडला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानं १९७० मध्ये तिथं काम सुरू केलं आणि गावातल्या, बहुतेक निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. हेतू गावाचं आरोग्य हा होता. पण दोन डॉक्टरांवर सगळा भार टाकणारी ती व्यवस्था नव्हती, हेही मला तितकंच मोलाचं वाटतं.

दुसरी वाट शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची. लेवीय पुस्तकात तर सातव्या वर्षी शेतालाही विसावा सांगितला आहे. वऱ्हाडातली काळी जमीन उन्हाळ्यात तापते, भेगाळते आणि त्याच भेगांतून पहिला पाऊस खोल मुरवून घेते. माणसाचं रिकामेपणही तसंच कामाचं असतं. पण रविवार हा पाळकाचा सर्वांत धावपळीचा दिवस. त्याला आठवड्यातला दुसरा एक पूर्ण दिवस मिळावा, त्या दिवशी फोन दुसऱ्या कुणी घ्यावा, हे मंडळीच्या पंचांनी ठरवून लिहून ठेवायला हवं. त्याच्या भल्या मनावर ते सोडू नये.

आणि कुणी एलीयासारखं मरण मागू लागलं तर प्रार्थना करा आणि त्याच दिवशी डॉक्टरही गाठा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलते, मराठीतही.

एलीयाची गोष्ट झुडपाखाली संपत नाही. अलीशा त्याला भेटला तो शेतात, बारा जोड्या बैलांचे नांगर चालू असताना. पुढे अहाब राजानं नाबोथ नावाच्या माणसाचा वडिलोपार्जित द्राक्षमळा त्याचा जीव घेऊन बळकावला, तेव्हा त्या मळ्यातच राजाला गाठून जाब विचारणारा हाच एलीया होता.