पावसाळ्याचा टायर कोणत्या मापाचा?

(वसईत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागे आवाज येतोय ना? ठीक.

आजचा विषय ऐकून घरी मला विचारलं, टायरवर तासभर काय बोलणार? म्हटलं, गाडीतला प्रत्येक माणूस रस्त्याला टेकलेला असतो तो चार ठिकाणी, आणि त्यातली एकेक जागा साधारण तळहाताएवढी असते. त्या चार तळहातांबद्दल बोलायचंय.

सुरुवात स्वतःच्या मूर्खपणापासून करतो. माझ्याकडे लाल स्विफ्ट होती, २०१८ चं मॉडेल. कंपनीने १५ इंची चाकं दिली होती. मला हौस स्पोर्ट्स कारची, बजेट स्विफ्टचं. मग एका दुकानातून १७ इंची अलॉय आणि रुंद टायर बसवून घेतले. दुकानदार म्हणाला, टायर रुंद म्हणजे पकड जास्त. एप्रिल-मे गाडी वळणावर अशी चिकटून चालायची की विचारू नका. जुलैमध्ये विरार फाट्यावरून मनोरच्या दिशेने निघालो. मागे बायको, मुलगा. शिरसाडच्या पुढे कडेच्या लेनमध्ये पाण्याचा पातळ थर होता. वेग नव्वदच्या आत. आणि एक क्षण स्टिअरिंग हातात हलकं झालं. हलकं म्हणजे, पाटीवर खडू फिरवतोय असं. मी काही केलं नाही, नुसता ॲक्सिलरेटर सोडला, आणि गाडी परत रस्त्यावर टेकली. बायकोला कळलंही नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. पंधरा दिवसांनी एका खड्ड्यात टायरला फुगा आला, रिम वाकली. तेव्हा मी आकडे वाचायला बसलो.

ते आकडे आता आपण वाचू. टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं १८५/६५ आर १५. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के. म्हणजे १८५ चे ६५ टक्के, साधारण १२० मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल, आणि शेवटचा आकडा रिमचा व्यास, इंचात. भिंत दोनदा धरायची, वर एक, खाली एक, आणि रिमचे इंच गुणिले २५.४. बेरीज येते सुमारे ६२१ मिलिमीटर. हा पूर्ण चाकाचा व्यास.

आता गंमत बघा. त्याच स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला कंपनी १६५/८० आर १४ देत होती. हिशेब केला तर व्यास येतो ६२० मिलिमीटर. म्हणजे चाक बाहेरून तेवढंच, पण रिम लहान, टायर अरुंद आणि भिंत १३२ मिलिमीटर उंच. आणि मी काय बसवलं होतं? २०५/४५ आर १७. व्यास ६१६, तोही जवळपास तेवढाच, पण भिंत फक्त ९२ मिलिमीटर. चार सेंटिमीटर रबर गेलं आणि त्या जागी धातू आला. खड्डा आला की रबर दबतं, धातू वाकतो. इतकं साधं आहे.

बाहेरचा व्यास का जुळवायचा? स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो. चाक दोन टक्के मोठं झालं तर काटा शंभर दाखवताना गाडी एकशे दोनने जात असते. शिवाय एबीएसची गणितंही त्याच फेऱ्यांवर चालतात. म्हणून रिम बदला, रुंदी बदला, पण बाहेरचा व्यास दोन-तीन टक्क्यांच्या आत ठेवा.

आता पाणी. समजा रस्त्यावर ५ मिलिमीटर पाणी आहे आणि तुम्ही ताशी ८० ने चालला आहात, म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. २०५ रुंदीच्या टायरला दर सेकंदाला सुमारे २३ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. एक भरलेली बादली, दर सेकंदाला, प्रत्येक पुढच्या चाकाला. १६५ च्या टायरला तेच काम १८ लिटरचं. पाणी सारणं जमलं नाही तर पाण्याची पाचर टायरखाली शिरते आणि चाक तरंगतं. याला ॲक्वाप्लेनिंग म्हणतात.

तुम्ही म्हणाल, रुंद टायर जास्त जमिनीला टेकतो, मग पकड जास्त नको का? टेकण्याचं क्षेत्रफळ मुख्यतः गाडीच्या वजनावर आणि हवेच्या दाबावर ठरतं. रुंदीने क्षेत्रफळ फारसं बदलत नाही, आकार बदलतो. रुंद टायरचा ठसा आडवा आणि आखूड, अरुंद टायरचा लांब आणि निमुळता. अर्नाळ्याच्या होडीची नाळ आठवा. पाणी कापायला ती टोकदार ठेवतात, सपाट फळी पाण्यावर तरंगते. लांब ठशात पुढचा भाग पाणी सारतो आणि मागचा भाग कोरड्यावर पकड घेतो.

थंड देशात हेच वेगळ्या कारणासाठी करतात. जर्मनीत आपली बरीच मराठी मुलं आहेत, त्यांना विचारा. ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर, असा तिथला रिवाज. स्पोर्ट्स कारवाले तेव्हा अनेकदा रिम एक इंच लहान आणि टायर अरुंद घेतात, म्हणजे बर्फाचा चिखल कापला जातो आणि खड्ड्याचा मार भिंत घेते. आपल्याकडे बर्फ नाही, पण चार महिने पाणी आणि खड्डे आहेत. आपला हिवाळा जूनमध्ये येतो, एवढंच. आणि आपण नेमकं उलटं करतो, पावसाच्या तोंडावर चाकं मोठी करतो.

हवेबद्दल एक गैरसमज इथे फार आहे. ‘पावसात हवा कमी ठेवा, पकड वाढते.’ अजिबात नाही. नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक सूत्र दिलं. पाणी खोल आणि टायर गोटा झालेला असेल तर तो कोणत्या वेगाला तरंगेल, हे हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. ३२ पीएसआयला तो वेग येतो ताशी ९४ किलोमीटर, २६ ला ८५. माझ्या चाकांत त्या दिवशी २६ होती, आळशीपणामुळे. नक्षी चांगली असेल तर मर्यादा वर जाते, आणि पुढच्या संशोधनात ठशाचा आकारही हिशेबात आला. पण दिशा तीच, हवा कमी म्हणजे तरंगणं लवकर.

मग निवडायचं कसं? ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर माप आणि हवा दिलेली असते. गाडीच्या पुस्तकात एकाहून जास्त मापं असतील, तर पावसाळ्यासाठी त्यातलं लहान रिमचं घ्या. त्याच्या बाहेर जाऊ नका. लोड इंडेक्स, म्हणजे मापानंतरचा ८५, ८८ असा आकडा, कंपनीच्या आकड्यापेक्षा कमी नको. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो. नटांच्या वर्तुळाचं माप आणि रिमचा ऑफसेट जुळला पाहिजे, आणि ब्रेकचा कॅलिपर रिमच्या आत बसला पाहिजे. खऱ्या स्पोर्ट्स कारला मोठे ब्रेक असतात, त्यामुळे तिथे फार खाली उतरता येत नाही.

हे फुकट मिळत नाही, तेही सांगतो. कोरड्या रस्त्यावर अरुंद टायर वळणात थोडा ढिला वाटतो, ब्रेक लागायला अंतर थोडं जास्त लागू शकतं. आणि २०१८ च्या जुलैसारखं पाणी साचलं, नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, मिठागरात माणसं अडकली, तेव्हा कोणताही टायर कामाचा नाही. तेव्हा गाडी बाहेर काढायची नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : सर, सरळ बाहेरचे हिवाळी टायर आणून लावले तर?

नको. त्यांचं रबर ७ अंशांखालच्या थंडीसाठी मऊ ठेवलेलं असतं. आपल्या ३० अंशांत ते लवकर झिजेल आणि ब्रेकही नीट लागणार नाही. ओल्या रस्त्यावर चांगली पकड असलेला नेहमीचाच टायर घ्या.

प्रश्न : दोनच टायर बदलायचे असतील तर पुढे टाकू की मागे?

मागे. पुढची चाकं तरंगली तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की सावरते. मागची तरंगली तर गाडी गरकन फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही.

प्रश्न : टायर कधी बदलायचा?

खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की कायद्याने टायर संपला. पावसासाठी मी ३ मिलिमीटरलाच बदलतो. बाजूवर चार आकडी तारीख असते, ३२२३ म्हणजे २०२३ चा बत्तिसावा आठवडा. ‘नवीन’ म्हणून विकलेला टायर कधीकधी दुकानात तीन वर्षं पडून असतो, तेव्हा ती तारीख वाचून घ्या.

ती १७ इंची चाकं मी विकली नाहीत, गच्चीवर ठेवली आहेत. दिवाळीनंतर लावतो, मे संपला की काढतो. आता बाहेर पार्किंगमध्ये जाल तेव्हा गाडीत बसायच्या आधी दार उघडून तो स्टिकर वाचा, आणि मग वाकून टायर वाचा. दोन्हीकडचे आकडे जुळतात का, एवढं बघितलंत तरी आजची संध्याकाळ कामी आली.