नमनालाच माशी शिंकली!

'कर्नल पडलं' म्हटल्यावर घाबरू नका, लष्कराचा इथे संबंध नाही. हे कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. ते जागं होता होताच कोसळलं, तर पंचाईत अशी, की पडदा चालवणारा कोडही तेव्हा झोपलेलाच असतो. मग यंत्र सुचेल त्या वाटेने बोलतं.

तीन चुका, खेळ खल्लास
एक्स-८६ घराण्यातल्या प्रोसेसरला एक चूक निस्तरताना दुसरी झाली, की 'डबल फॉल्ट'. तीही निस्तरेना, की 'ट्रिपल फॉल्ट'! पीसी एक अक्षर न बोलता पुन्हा पहिल्यापासून सुरू.

नावातच निदान
लिनक्स सुरू करून देणारा जुना लोडर 'लिलो' एकेक टप्पा पार करत स्वतःच्या नावाचं एकेक अक्षर छापायचा: एल, आय, एल, ओ. गाडी 'एल-आय'वर अडली, की जाणकार ओळखायचे: दुसरा टप्पा मेमरीत आला, पण चालला नाही.

पोर्ट नंबर ८०
पीसीचं बायोस तपासणी करता करता या पोर्टवर कोड टाकत जातं. मदरबोर्डवर 'पोस्ट कार्ड' खोचा. गाडी कुठे अडली ते दोन चिन्हांत दिसतं. हे ८० मात्र सोळाच्या पायावरच्या (हेक्साडेसिमल) मोजणीतलं, आपल्या हिशेबात १२८!

दिव्यांची उघडझाप
लिनक्सला 'कर्नल पॅनिक' झालं, की पीएस/२ कीबोर्डवरचे कॅप्स लॉक आणि स्क्रोल लॉकचे दिवे लुकलुकतात.

जाता जाता क्यूआर
२०२४ मधल्या लिनक्स ६.१२ पासून पॅनिकचा तपशील क्यूआर कोडमध्ये दाखवायची सोय आहे. मोबाइल धरा, वाचा. अर्थात, तोवर पडदा जागा झाला असेल तरच!

हजारात एक चोर
जुनं कर्नल धड चालत होतं, नवं पडतंय आणि मध्ये १,००० बदल झालेत? कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटची 'बायसेक्ट' ही आज्ञा दर खेपेला निम्मे संशयित सोडून देते. साधारण १० वेळा बूट केलं, की चोर हाती.

म्हातारी केबल
लिनक्सला बूट होतानाच 'अर्लीप्रिंटके'चा पर्याय दिला, की पडदा उजळण्याआधीच सिरियल पोर्टमधून ओळी बाहेर पडू लागतात. तिथे ड्रायव्हरचा पसारा लागत नाही. ठरलेल्या पत्त्यावर एकेक बाइट टाकली, की काम झालं. या जोडणीचं आरएस-२३२ मानक १९६० सालचं. म्हणून तर क्यूआरच्या जमान्यातही कर्नलवाल्यांच्या खणात ती केबल असतेच.