आईच्या रक्ताची नोंद

बॅडमिंटनपटू ज्वाला गुट्टाचा जन्म वर्धेचा, ७ सप्टेंबर १९८३चा. आमच्या अमरावतीच्या राजापेठेतून वर्धा म्हणजे घरचंच अंतर. तरी हिला आपण हैदराबादची म्हणूनच ओळखतो, कारण तिचा खेळ तिथे घडला. वडील तेलुगू, आई येलन चिनी. येलन यांचे आजोबा गांधीजींच्या ओढीनं भारतात येऊन आश्रमात राहिलेले. म्हणजे ज्वालाकडे चीन आला तो आईकडून.

जुन्या चिनी रिवाजात या वाटेला किंमतच नव्हती. घराण्याची वंशावळ बापाकडून मुलाकडे चालायची. पूर्वजांना धूप दाखवायचा मुलानं. मुलगी आज ना उद्या दुसऱ्याच्या घरची, म्हणून कित्येक वंशावळींत तिचं नावही नसे. लग्नानंतर ती आडनाव बापाचंच ठेवी, पण तिची मुलं नवऱ्याच्या कुळात मोजली जात. वऱ्हाडातल्या भाटांच्या पोथ्यांत लेकींना किती जागा मिळाली, हे आठवलं की यात परकं काही वाटत नाही.

भारतात आलेल्या चिन्यांनी हा रिवाज बरोबर आणला. मुंबईत माझगावला नवाब टँक रोडवर १९१९चं सी यूप कून मंदिर आहे, खलाशी आणि गोदी कामगारांच्या वस्तीचं. कोलकात्यात टांगऱ्याला हक्का चिन्यांचे चामड्याचे कारखाने होते. कारखाना मुलांकडे जायचा. लेकी-सुनांनी ब्युटी पार्लरं चालवून घरात पैसा आणला. मान मात्र कमाईच्या मागोमाग लगेच आला नाही.

मग १९६२चं भारत-चीन युद्ध आलं. सुमारे ३००० चिनी वंशाच्या लोकांना देवलीच्या छावणीत डांबलं. हे आपल्या वर्धा जिल्ह्यातलं देवळी नव्हे, राजस्थानातलं देवली. यिन मार्श दार्जिलिंगहून नेली गेली तेव्हा तेरा वर्षांची होती. जॉय मा तर छावणीतच जन्मली. पुढे तिनं मुंबईचे लेखक दिलीप डिसूझा यांच्यासोबत या लोकांवर पुस्तक लिहिलं, ते २०२०मध्ये आलं.

मला सर्वांत जास्त बोचतो तो त्या वेळचा नियम. स्वतः, आईवडिलांपैकी कुणीही किंवा चारांपैकी कुणीही आजीआजोबा कधी चिनी नागरिक असेल, तर माणूस चिनी वंशाचा. इथे आई मोजली, आईची आईसुद्धा मोजली! वंशावळीत जिला ओळ मिळाली नाही, तिचं रक्त संशयासाठी पुरेसं ठरलं. आणि आपलाच नागरिकत्वाचा कायदा त्याच काळात उलटं सांगत होता: परदेशात जन्मलेल्या बाळाला वंशानं नागरिकत्व हवं, तर बाप भारतीय हवा. आई भारतीय असून भागत नसे. ही अट बदलायला १९९२ उजाडलं.

ज्वालानं २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत अश्विनी पोनप्पासोबत दुहेरीचं सुवर्ण जिंकलं, २०११मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य. तेव्हा ती भारताची लेक होती. करोनाच्या काळात आईच्या मुळावरून तिला जाहीरपणे हिणवलं गेलं. पदकं देताना कुणी तिच्या आजोळाची चौकशी केली नव्हती. हे अन्यायाचं आहे, आणि ते तसंच म्हटलं पाहिजे.

कागदावर तरी आता आईला जागा मिळाली आहे: महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदावर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आहे. आडनाव मात्र अजून बहुतेक घरांत वडिलांचंच लागतं.