गाडी वीस वर्षांची, चालवणारा सत्तरीचा

एचएसआरपी नंबरप्लेटची पहिली मुदत ३१ मार्च २०२५ ची होती. ती पुढे किती वेळा वाढली हे वाचकांना पाठ आहे, तेव्हा तो पाढा नको. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या प्रत्येक गाडीला ही पाटी सक्तीची झाली आणि जिन्याखाली, ताडपत्रीखाली पडून असलेल्या दुचाक्याही एकदम हिशेबात आल्या. त्यातच ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या मोटारसायकलच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क दोन हजार रुपये केलं. २०२२ च्या आधी दुचाकीचं हेच काम तीनशे रुपयांत व्हायचं.

गाडीच्या वयावर सरकारचं इतकं बारीक लक्ष आहे. मला मात्र सीटवर बसणाऱ्याच्या वयाबद्दल बोलायचं आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तिन्ही शहरं कल्याण आरटीओखाली येतात, म्हणजे पाटी एमएच ०५. पण बदलापुरातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये एमएच ०१, ०२, ०३ काही कमी दिसत नाहीत. निवृत्ती झाली, गिरगाव-लालबागची खोली विकली, मुलांचे वाटे केले, उरलेल्या पैशांत कात्रप किंवा बेलवलीला वन बीएचके घेतला, आणि सामानाच्या टेम्पोतून गाडीही आली. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये लाखाच्या आत होती, २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. त्यानंतरचे टॉवर डोळ्यांना दिसतातच. पत्ता बदलल्यावर तीस दिवसांत आरसीवर नोंद करावी, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ४९ सांगतं. ते मनावर कोण घेतो! नोटीस निघालीच तर ती पाडलेल्या चाळीच्या पत्त्यावर जाते.

मुलं म्हणतात, बाबा, आता गाडी बस झाली. दादरला हे म्हणणं सोपं होतं. तिथे दाराशी बेस्ट होती, कोपऱ्यावर टॅक्सी होती, आणि भाजी, दवाखाना, बँक सगळं चालण्याच्या अंतरावर. बदलापुरात स्टेशन लांब, पूर्व-पश्चिम ओलांडायची म्हणजे वळसा, शेअर रिक्षा चौथा माणूस मिळेपर्यंत हलत नाही आणि पावसाळी संध्याकाळी तर दिसतही नाही. म्हणजे ज्या वयात गाडी सोडायची, नेमक्या त्याच वयात माणूस अशा ठिकाणी येऊन राहतो जिथे गाडीवाचून पान हलत नाही. घरातल्या त्या भांडणाचं मूळ म्हाताऱ्याच्या हट्टापेक्षा या शहरांच्या आखणीत जास्त आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कायदा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्न वर्षांवरच्या माणसाला लायसन्स एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतं. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. चाळिशीनंतर डॉक्टरच्या सहीचा ‘फॉर्म १-ए’ लागतो. त्यातला मुख्य प्रश्न मोठा गमतीचा आहे: चांगल्या दिवसाउजेडी पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का? रातांधळेपणाबद्दलही एक रकाना आहे. समोरच्या डंपरच्या प्रखर दिव्याने डोळे दिपल्यावर पुन्हा दिसायला किती क्षण लागतात, हे विचारलेलं नाही. सहीपूर्वी किती ठिकाणी खरोखर तपासणी होते, यावर मी पैज लावणार नाही. त्यापेक्षा घरच्या घरी करा. एचएसआरपी बसवलीच आहे, तर तिच्यापासून पस्तीसेक पावलं मागे जा आणि वाचा. मग तेच संध्याकाळी सातला करून पाहा. साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. बाहुली पुरेशी मोठी होत नाही, भिंग पिवळसर होत जातं. मोतीबिंदू ही त्याच्याही पुढची गोष्ट.

या विषयावर वाचताना मला ज्याने पुरतं गुंतवलं तो माणूस म्हणजे हॅरी हर्ट. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाचा हा संशोधक. त्याच्या गटाने १९७० च्या दशकात लॉस एंजेलिस परिसरातले मोटारसायकलचे नऊशे अपघात जागेवर जाऊन तपासले. १९८१ साली आलेला हा ‘हर्ट रिपोर्ट’ आजही मोटारसायकलवाले एकमेकांना ऐकवतात. लॉस एंजेलिस म्हणजे काही उल्हासनगर नव्हे, आणि तिथले स्वार बहुतेक तरुण होते, हे मान्य. तरी त्यातलं एक निरीक्षण डोक्यातून जात नाही. अपघात झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना रस्त्यावर गाडी चालवण्याचा एकूण अनुभव जवळपास तीन वर्षांचा होता, पण *त्या विशिष्ट गाडीवरचा* अनुभव पाच महिन्यांहूनही कमी होता. चाळीस वर्षं चालवतोय, असं छाती फुगवून सांगणाऱ्याने हे दोनदा वाचावं. मी त्याच्यापुढे जाऊन म्हणेन की रस्त्यालाही हेच लागू आहे. परळच्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक बेशिस्त वळण हातापायांना पाठ होतं, तिथे डोळ्यांना काम कमी होतं. काटई-कर्जत मार्गावर किंवा कल्याण-अंबरनाथ रस्त्यावर तो साठा शून्य होतो. कंपनीच्या बसमागून अचानक निघणारी रिक्षा, दुभाजकातली फट, टँकर कुठे वळतात, सगळं नव्याने शिकायचं, आणि तेही थकलेल्या डोळ्यांनी.

हर्टचं दुसरं निरीक्षण असं की बहुतेक अपघात छोट्या फेरीत होतात, सामान आणायला, कुणाला भेटायला निघालेलं असताना, आणि घरापासून निघाल्यावर थोड्याच वेळात. ‘इथेच तर जातोय’ म्हणून हेल्मेट खुंटीला ठेवणाऱ्यांसाठी हे. आपल्याकडचे आकडे याहून कडू आहेत. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली, त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची. हेल्मेट नसल्याच्या रकान्यात ५०,०२९ जीव आहेत, त्यात १४,३३७ मागे बसलेले. आपल्याकडे मागे बहुधा आजी असते, एका बाजूला पाय सोडून, डोक्यावर फक्त पदर.

तिसरं निरीक्षण ब्रेकचं. घाबरलेला स्वार मागचा ब्रेक करकचून दाबतो, चाक घसरवतो, आणि पुढचा ब्रेक जेमतेम वापरतो. राजदूत, येझदी, आरएक्स-१०० च्या काळात शिकलेल्या आपल्या पिढीला तर ‘पुढचा ब्रेक मारू नकोस, तोंडावर आपटशील’ हाच गुरुमंत्र मिळाला होता. कोरड्या डांबरावर थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकात असते, कारण ब्रेक लावताच भार पुढे सरकतो. ताशी चाळीसच्या वेगाने गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. वयामुळे प्रतिक्रियेला अर्धा सेकंद जास्त लागला तर साडेपाच मीटर गेले, म्हणजे एक आख्खी मोटार. ती तूट भरून काढायची असेल तर दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी गाडी हवी. एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाक्यांना ‘सीबीएस’ किंवा ‘एबीएस’ सक्तीचं आहे. ज्या गाड्यांना आता नवी पाटी लागते आहे, त्यातल्या बहुतेकांना यातलं काहीच नाही.

मग नवी घ्यावी का? २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, तेव्हा घरोघर तोच विचार चालू असणार. माझं उत्तर होय, पण हर्टचे पाच महिने ध्यानात ठेवून. क्लासिक बुलेट १९५ किलोची, आणि साधी गिअरलेस स्कूटर १०५-११० किलोची. चिखलात गाडी कलली की हा फरक खुब्याच्या हाडाला कळतो. स्कूटरवर टांग टाकावी लागत नाही, गुडघ्यावर जोर देऊन किक मारावी लागत नाही. जुना मधुमेह असेल तर तळपायाची संवेदना मंदावते आणि ब्रेकचं पेडल किती दाबलं गेलं ते उमगत नाही, म्हणून दोन्ही ब्रेक हातात असलेले बरे. नवी गाडी आणल्यावर पहिले काही रविवार सकाळी मोकळ्या मैदानात नुसतं थांबायचा सराव करावा. लोक हसतील, हसू देत.

जपानमध्ये १९९८ पासून वृद्धांना लायसन्स आपणहून परत करता येतं, आणि बऱ्याच ठिकाणी त्याबदल्यात बसभाड्यात सवलत मिळते. तोच उपाय इथे सुचवणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे: बदलापुरात सवलत कुठल्या बसमध्ये देणार?

तोल डळमळू लागलेल्यांसाठी मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर हा मधला मार्ग आहे. तिला हसण्याची रीत सोडून द्यायला हवी. मात्र कोपऱ्यावरच्या गॅरेजात वेल्डिंग करून मोकळे होऊ नका. गाडीत असा बदल करायचा तर कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, नाहीतर अपघातानंतर विमा कंपनी तोच मुद्दा काढून बसते. त्या खेपेतच पत्त्याचाही बदल करून टाकावा.