अहवालांतील शून्य

माझ्या परिचयाच्या एका बाईंनीं स्तनांचें क्ष-किरण चित्र, म्हणजे मॅमोग्राम, काढविला. अहवालाच्या तळाशीं '०' हा आंकडा होता. शून्य म्हणजे कांहींच नाहीं, अशा समजुतीनें त्यांनीं घरीं पेढे आणले. 'पुढील तपासणीस यावें' ही त्याखालची ओळ चार दिवसांनीं सुनेच्या दृष्टीस पडली, आणि मग घरांत जो आकांत झाला तो विचारूं नये. वास्तविक आधींचा आनंद जितका निराधार, तितकाच हा आकांतहि निराधार होता.

हे आंकडे 'बाय-रॅड्स' नांवाच्या पद्धतींतील. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी या संस्थेनें १९९३ सालीं ती प्रसिद्ध केली. आपल्याकडेहि ती रूढ आहे. आंकडे ० पासून ६ पर्यंत. १ व २ यांत चित्रापुरतें काळजीचें कारण नसतें. हाताला गांठ लागत असेल तर मात्र ती डॉक्टरांना दाखवावीच. ५ म्हणजे दाट संशय, आणि ६ हा रोग आधींच सिद्ध झालेल्यांचा. घोटाळा होतो तो ०, ३ व ४ यांच्या बाबतींत.

शून्याचा अर्थ 'चित्र अपुरें' एवढाच. स्तनांतील ग्रंथींची वीण दाट असली कीं ती चित्रांत पांढरी उमटते. गांठहि पांढरीच उमटते. पांढऱ्यावर पांढरें ओळखावें कसें? म्हणून तज्ज्ञ निर्णय न देतां आणखी चित्रें, सोनोग्राफी किंवा जुन्या चित्रांशीं तुलना मागतो. (जुन्या फिल्म्स रद्दींत घालूं नका, हें ओघानें सांगून ठेवतें.) अशा परत बोलावलेल्या बहुतेक स्त्रियांना कर्करोग नसतो.

३ या आंकड्यांत कर्करोगाचा संभव शेंकडा २ हून अधिक नसतो. साधारणतः सहा महिन्यांनीं पुन्हा चित्र काढतात. ही दिरंगाई नव्हे. डाग बदलतो कीं नाहीं, हें पाहणें हीच त्याची परीक्षा. ४ चा पल्ला मात्र फार मोठा, शेंकडा २ पासून ९५ पर्यंत. म्हणून त्याचे ४ए, ४बी, ४सी असे भाग करतात. ४ए मध्यें संभव १० पर्यंतच, ४सी मध्यें निम्म्याहून अधिक. 'चार आला' म्हणून रडण्यापूर्वीं पुढचें अक्षर विचारावें. अक्षर कोणतेंहि असो, जागा बधिर करून सुईनें तुकडा काढून तपासणें, म्हणजे बायॉप्सी, येथें आवश्यक ठरते. सुई टोंचल्यानें रोग पसरतो, या भयानें ती टाळण्यास कांहींहि आधार नाहीं. या भयानें रोगाला हकनाक वेळ मात्र मिळतो.

उरतो तो उत्तराची वाट पाहण्याचा काळ. कित्येकींना तो निदानाहूनहि जड जातो. अशा वेळीं 'काळजी करूं नका' हा उपदेश मला निर्दय वाटतो. काळजी वाटणारच. उत्तर कोणत्या दिवशीं, कोणाकडून मिळेल, हें आधींच विचारून लिहून ठेवावें. डॉक्टरांकडे जातांना शांत डोक्याचें एक माणूस सोबत न्यावें. घाबरलेल्या मनाला ऐकलेलें अर्धेंहि आठवत नाहीं. साऱ्या आळीला सांगण्याचें कारण नाहीं. पण कोणालाच न सांगतां, अहवाल उशाखालीं ठेवून रात्री काढूं नयेत.

त्या बाईंच्या सोनोग्राफींत पाण्यानें भरलेली साधी पिशवी निघाली आणि नव्या अहवालावर २ हा आंकडा पडला. या वेळीं मात्र त्यांनीं तो शेवटच्या ओळीपर्यंत सुनेकडून वाचून घेतला, आणि मगच पेढे आणविले.